पद्मिनीच्या पोटाखालचं डांबर : कामाच्या नोंदी

११ मे

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ची, पेट्रोलवरची. नागपुरात मानेवाड्याला घरामागच्या शेडमध्ये चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली आहे. काढलेली चाकं दोन्ही बाजूंनी सिलखाली, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या डब्याखाली, सरकवली आहेत आणि मध्ये लकडगंजातून आणलेले सागाचे ठोकळे रचले आहेत. खाली झोपून हातोडी चालवायची असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर राहायचं नाही.

काम एकच. तळाचा पत्रा, चाकांच्या कमानी, पुढची चाकं धरणारे आर्म, मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) यांच्यावर चढलेला डांबरी लेप काढायचा आणि खाली काय उरलंय ते पाहायचं.

हे मनावर घेण्याचं कारण आहे. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. फियाट ११००ची ही रचना कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावानं विकली गेली. तळाचा पत्रा, सिलचे डबे आणि सीटखालच्या आडव्या पेट्या मिळूनच तिचा कणा होतो. तिथला पत्रा सडला की गाडीची ताकद जाते, मग वरचा रंग कितीही चमकू द्या.

लेपाचे तीन थर ओळखता येतात. सगळ्यात वरचा चकचकीत काळा, विक्रीच्या आधी कुठल्या तरी गॅरेजात मारलेला. त्याखाली जाड, रबरासारखा, बोटानं दाबला की परत वर येणारा. सगळ्यात आत पातळ, कडक, तपकिरी झाक असलेला. वरचा थर सरसकट मारलाय. नट, ब्रेकच्या नळ्या, मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सरचे हँगर, काहीही सोडलेलं नाही. एवढ्या घाईनं सगळं एकसारखं काळं केलं असेल तर खाली काहीतरी झाकलंय असंच मी धरून चालतो.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं सगळा तळ ठोकून पाहिला. ठण वाजतो तिथे पत्रा शाबूत. थप वाजतो तिथे लेप आणि पत्रा यांच्यात पोकळी, किंवा गंजाचे पापुद्रे. ड्रायव्हरच्या पायाखाली, डाव्या सिलच्या मागच्या टोकाला आणि दोन्ही मागच्या कमानींत थप. खडूनं गोल करून ठेवले.

१४ मे

दुपारी दोनला टिनाच्या शेडखाली लेपाचं तापमान ५१ अंश. रस्त्याच्या कामातलं व्हीजी-३० डांबर ४७ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. गाडीखालच्या लेपात भुकटी आणि रबर मिसळलेलं असतं, पण मे महिन्यातल्या नागपुरात त्याचंही तेच होतं. पत्ती लावली की लेप तुटत नाही, ताणला जातो. काळ्या तारा निघतात, पत्तीला चिकटतात आणि पुढच्या फटकाऱ्याला परत पत्र्यावरच सारवल्या जातात.

हीट गननं हेच होतं, फक्त जास्त वेगानं. परदेशी मंडळी हीट गन आणि पत्ती हीच जोडी वापरताना दिसतात, पण त्यांची गॅरेजं थंड असतात. तिथे नेमका एक हात जागा तापते आणि बाकीचा लेप घट्ट राहतो. इथे सगळाच लेप अर्धा वितळलेला असतो, त्यात आणखी उष्णता घालून काय साधणार? शिवाय हीट गनखाली धूर दिसायला लागला म्हणजे लेप जळतोय. ती वाफ नाकात घेण्यासारखी नाही.

डेंटर काका संध्याकाळी पाहून गेले. या गाड्यांवर त्यांचं सगळं आयुष्य गेलंय. खाली वाकून एक नख लावलं आणि म्हणाले, "दादा, आता हे खरवडून काई फायदा नाई. थंडी पडू द्या. मंग झटका द्या, पापडावानी तुटते."

तसंच ठरवलं. उन्हाळ्यात फक्त खोलाखोल करायची, लेप हिवाळ्यात काढायचा.

२ जून

पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर, सावलीत, तोंड बंद करून ठेवली. हीट गन, ग्राइंडर आणि वेल्डिंग यांतलं काहीही पुढे करायचं असेल तर हे आधी.

प्रोपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर पंचानं खुणा केल्या, म्हणजे बसवताना जसा होता तसाच बसेल. या शाफ्टवर बॅलन्ससाठी लहान पत्र्याचे तुकडे वेल्ड केलेले असतात. ते लेपात पूर्ण बुडाले होते. एका बाजूला लेप बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाही. फिरणाऱ्या शाफ्टवर असं डांबर चढवलं की बॅलन्सचा मेळ बसत नाही. गाडी वेगात गेली की सीटखाली जो थरकाप यायचा, त्याचा मोठा संशय आता यावरच आहे.

पुढचे वरचे-खालचे आर्म, कॉइल स्प्रिंग, अँटी-रोल बार, मागचे पाटे, ते टांगणारे शॅकल, सगळं सुटं केलं. कॉइल स्प्रिंग कंप्रेसर लावूनच काढायची. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा हात मोडण्याइतका जोर साठलेला असतो. बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) आणि ब्रेकचे रबरी होज वेगळे केले. टर्पेंटाईन, डिझेल, घासलेट यांपैकी काहीही लागलं तरी ते रबर फुगतं, आणि ब्रेकच्या होजवर तशी शंका ठेवून गाडी चालवता येत नाही.

२० जुलै

पाऊस. पत्रा उघडा करण्याचे हे दिवस नाहीत. सकाळी घासलेलं लोखंड संध्याकाळी पिवळं पडतं. त्यामुळे फक्त डब्यांतली चाचणी केली. निकामी स्प्लॅश गार्डचे तुकडे कापले, सगळ्यांवर तोच लेप.

डिझेलमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा मऊ झाला, पण पत्र्यावर तेलकट थर राहिला आणि तो काढायला वेगळी मेहनत. टर्पेंटाईनमध्ये दोन-तीन तासांत वरचा आणि खालचा थर सुटला, मधला रबरी थर मात्र फुगून जेलीसारखा झाला. एनसी थिनर (रंग पातळ करायचं द्रावण) झपाट्यानं विरघळवतो आणि तितक्याच झपाट्यानं उडून जातो. बंद शेडमध्ये त्याची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. पेंट रिमूव्हरच्या डब्यावर मेथिलीन क्लोराइड लिहिलेलं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ते ४० अंशांच्या जरा खालीच उकळतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात काम करण्याआधीच उडून जाणार. आणि श्वासातून आत गेलं की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. गाडीखाली, जमिनीलगत, जिथे जड वाफ साचते तिथे तोंड घालून हे वापरायचं नाही. मी डबा परत केला.

पेट्रोलची चाचणी घेतली नाही. घेऊही नये.

या चाचण्यांतून एवढं कळलं की द्रावक लेप नाहीसा करत नाही, त्याला पातळ करतो. घट्ट डांबराचं काळं पाणी होतं आणि ते पत्र्याच्या जोडांत, वेल्डच्या फटीत, पेट्यांच्या आत शिरतं. तिथून ते कधीच निघत नाही आणि पुढे प्रायमर धरत नाही. म्हणून आधी कोरडं तोडायचं, आणि शेवटी उरलेल्या डागांपुरतंच टर्पेंटाईन.

३० नोव्हेंबर

सुट्या भागांसाठी थंडीची वाट पाहायची गरज राहिली नाही. मामेभावाच्या दुकानातला आइस्क्रीमचा डीप फ्रीझर हिवाळ्यात रिकामाच असतो. उणे १८ अंश. काल रात्री उजव्या बाजूचा खालचा आर्म जाड पॉलिथिनमध्ये गुंडाळून, तोंड चिकटपट्टीनं बंद करून आत ठेवला.

आज सकाळी बाहेर काढला, पोत्यावर आडवा ठेवला आणि लाकडी मोगरीनं ठोकला. पहिल्याच ठोक्याला तळहाताएवढा ढलपा उडाला. मे महिन्यात ज्या रबरी थरानं पत्तीला तारा काढल्या होत्या, तो काचेसारखा कडा घेऊन तुटला आणि तुटलेल्या कडेत तीनही थर स्पष्ट दिसत होते. आर्मच्या वरच्या बाजूला खालचं लोखंड कोरडं, काळपट, जवळजवळ नवं.

खालच्या बाजूची गोष्ट वेगळी. आर्मच्या खोबणीत, लेपाच्या मागे, काळ्या मातीचा गोळा बसला होता. आपली ही माती ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते आणि सुकली की दगड होते. कोणीतरी आर्म न धुता, मातीवरूनच डांबर मारलं. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात वरच्या फटीतून पाणी आत गेलं आणि डांबरानं ते बाहेर येऊ दिलं नाही. माती काढल्यावर खोबणीत गंजाचे थर पानांसारखे सुटून आले. त्याखाली लोखंड खड्ड्याखड्ड्याचं झालंय, पण जाडी कॅलिपरनं मोजली, वापरण्याजोगी आहे.

फ्रीझरची पद्धत करणाऱ्यांनी एवढं पाळावं. मोगरी लाकडाची किंवा प्लास्टिकची, कारण इतक्या थंड लोखंडावर लोखंडी हातोडी नको. भाग बाहेरच्या हवेइतका गरम होईपर्यंत पॉलिथिन उघडू नये असं वाचनात येतं, पण तसं केलं तर डांबरही मऊ होतं. म्हणून मी लगेच उघडतो, ठोकतो, आणि नंतर जे दव धरतं ते पुसून भाग दिवसभर उन्हात ठेवतो. नागपूरच्या कोरड्या थंडीत एवढ्यानं भागतं. जुलैत हे केलं असतं तर आर्म नुसता घामाघूम झाला असता.

उरलेले आर्म, शॅकल, ब्रॅकेट असेच एकेक करून आठवड्याभरात मोकळे होतील.

८ डिसेंबर

तळाचा पत्रा फ्रीझरमध्ये जात नाही, म्हणून पहाट. साडेपाचला शेडमध्ये. लेपाचं तापमान ११ अंश. नागपूरची थंडी लोक विसरतात. डिसेंबर २०१८ मध्ये इथला पारा साडेतीनपर्यंत उतरला होता.

हत्यार म्हणजे दोन इंची पटाशी, तिचे दोन्ही कोपरे ग्राइंडरवर गोल केलेले. टोकदार कोपरा पत्र्यात चर पाडतो आणि गंज पुढे त्याच चरातून सुरू होतो. पटाशी जवळजवळ आडवी धरायची आणि लहान हातोडीनं छोटा, झटक्याचा ठोका.

यात झटका हीच गोष्ट सांभाळायची. डांबराचा स्वभाव असा की सावकाश जोर लावला तर ते वाहतं, वाकतं. तोच जोर अचानक दिला तर तुटतं. थंडीत ही सीमा आपल्या बाजूला सरकते. त्यामुळे ११ अंशांतसुद्धा पटाशी नुसती रेटली तर लेप सोलून येतो आणि अर्धा मागे राहतो. ठोकली तर लोखंडापासून स्वच्छ सुटतो. काकांचं "झटका द्या" म्हणजे हेच. मनगट शिकायला थोडा वेळ लागतो, मग कानाला कळायला लागतं, नीट सुटणाऱ्या ढलप्याचा आवाज कोरडा असतो.

साडेनऊला लेप २० अंशांवर गेला आणि काम थांबलं. ठोक्यानं तुटण्याऐवजी दबायला लागला. तिथून पुढे जोर करण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशीची पहाट असतेच.

तोंडाच्या अगदी वर काम चाललंय, म्हणून पूर्ण चेहऱ्याची ढाल, आतून चष्मा, बाहीबंद शर्ट आणि अगदी बारीक धूळ अडवणारा पी-१०० फिल्टरचा मास्क. कापडी रुमाल पुरणार नाही. जुन्या डांबरी लेपांत बळकटीसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घालण्याची पद्धत होती आणि आपल्या लेपात काय आहे ते डोळ्यांनी कळत नाही. याच कारणासाठी लेपावर ग्राइंडरचा वायर ब्रश लावायचा नाही. तो लेपाची धूळ करतो, घर्षणानं वितळवतो आणि सगळीकडे फासतो. मी स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी ठेवलंय. ठोकण्याआधी एक फवारा मारतो, ढलपे जड होऊन खाली पडतात आणि धूळ उडत नाही.

११ डिसेंबर

डावं सिल. आजची नोंद लांबणार आहे.

सिल म्हणजे दाराखालचा पत्र्याचा बंद डबा. दारातून, काचेच्या पट्टीतून, कार्पेटखालून आलेलं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडावं म्हणून कारखान्यानं खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. गाडी घोड्यांवर चढवल्यापासून मी ती भोकं शोधत होतो. उजव्या बाजूला एक बारीक खळगा दिसत होता, डाव्या बाजूला काहीच नाही. सगळी कड सलग काळी.

पहाटे लेप उडवल्यावर खालून भोकांचे गोल दिसले. प्रत्येकात डांबराचं बूच. सायकलचा आरा आत घातला, बूच फोडलं आणि तपकिरी भुसा धारेसारखा खाली यायला लागला. गंजाची भुकटी, बारीक पापुद्रे, वाळलेली माती, एका काचेच्या रबराचा तुकडा. आरा आत फिरवत राहिलो तसा भुसा येत राहिला. एका सिलमधून दोन वाट्या भरून निघाला. हा सगळा कधीकाळी पत्रा होता.

हात लावून पाहिलं तर सिलच्या आतली खालची कड, मागच्या टोकापासून वीतभर, जाळी होऊन गेलीय. नखानं दाबलं तर नख आरपार. बाहेरून लेप इतका गुळगुळीत होता की हे कधीच कळलं नसतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतं, म्हणून लेप आतून फुगायला हवा होता. पण रबरी थरानं ते फुगणं गिळून टाकलं.

मला डांबराबद्दल राग नाही. मागच्या सीटखाली, जिथे सगळ्यात आतला तपकिरी थर रंगवलेल्या, कोरड्या पत्र्यावर नीट चिकटलेला होता, तिथे तो काढताना अक्षरशः भांडावं लागलं आणि खाली करडा रंग जसाच्या तसा निघाला. स्वच्छ पत्र्यावर मारलेल्या लेपानं आपलं काम चाळीस वर्षं केलं. गाडीचा घात केला तो मातीवर, गंजावर आणि भोकांवर मारलेल्या वरच्या दोन थरांनी. हे काम करणाऱ्यानं फवारणीआधी भोकांत चिंधीचे बोळे घातले असते तर हा पत्रा आज शाबूत असता. तेवढंच करायचं होतं.

गिअरबॉक्सवरच्या बोगद्यात, जिथे पटाशी नीट बसत नाही, तिथला घट्ट चिकटलेला तपकिरी थर तसाच ठेवतोय. ठोकून पाहिला, सगळीकडे ठण वाजतो. जे चिकटलेलं आहे ते उगाच उखडायचं नाही.

१५ डिसेंबर

मागच्या कमानी. इथे पाटे लटकतात त्या ब्रॅकेटभोवती सगळ्यात जाड लेप. ब्रेकची लोखंडी नळी लेपाच्या आतून जाते हे माहीत होतं, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा पटाशीऐवजी लाकडाच्या पाचरीनं काढली. नळी मोकळी झाल्यावर क्लिपच्या खाली गंजून अर्धी झालेली दिसली. पुढची-मागची सगळी नळी नवीन घालायची, तिथे चर्चेला जागा नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्यांचं हायड्रॉलिक तेल याच नळ्यांतून जातं.

शहरात अधिवेशनाचा बंदोबस्त. इतवारीला पत्रा आणायला जायचं होतं, पुढे ढकललं.

२१ डिसेंबर

सगळ्या तळाचा जाड लेप उतरला. गोळा झालेलं डांबर वजनकाट्यावर टाकलं, साडेअकरा किलो. झाकणाच्या डब्यात भरून ठेवलंय. ते जाळायचं नाही आणि नालीतही टाकायचं नाही.

आता उरला तो पातळ काळा डाग. इथे टर्पेंटाईन. कापड भिजवायचं, चौरस फूटभर जागेवर पाच मिनिटं चिकटवून ठेवायचं, मग एकाच दिशेनं पुसायचं आणि कापडाची घडी बदलायची. तेच कापड परत फिरवलं तर डाग एका जागेवरून उचलून दुसरीकडे बसतो. दारं-खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेनं, शेडमध्ये विडी-काडी बंद. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या टिनात.

हातावरचं डांबर टर्पेंटाईननं काढू नका, कातडी फाटते. घरात कळमन्याहून आणलेली संत्री होती. साल उलटी दुमडून काळ्या डागावर पिळली, तिच्यातून तेलाचे थेंब उडाले आणि चोळताच डाग तपकिरी होऊन सुटला. मग साबण. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि ते डांबर चांगलं विरघळवतं. कारखान्यांतल्या डांबर काढायच्या द्रावणांतही हेच वापरतात. नखांच्या कडेला अजून काळं आहे, पण हात हाताच्या रंगाचे झाले.

२८ डिसेंबर

आर्म, ब्रॅकेट आणि अ‍ॅक्सल हाउसिंग हिंगणा एमआयडीसीत ब्लास्टिंगला (हवेच्या जोरानं दाणे मारून गंज काढायला) दिले. तिथल्या माणसानं आधीच बजावलं होतं की लेप काढूनच आणा. बरोबर आहे. ब्लास्टिंगचे दाणे कडक गंजावर आपटून तो उडवतात, पण रबरी लेपावर आपटले की नुसते उसळून परत येतात. लेपासकट दिलं असतं तर तासाचे पैसे गेले असते आणि लेप तिथेच राहिला असता. हाउसिंगची सगळी तोंडं लाकडी बुचांनी आणि पट्टीनं बंद करून दिली. एक दाणाही बेअरिंगच्या जागी राहायला नको.

तळाचा पत्रा ब्लास्टिंगला देणार नाही. मोठा, सपाट, पातळ पत्रा त्या मारानं ताणला जातो, लाटा येतात आणि त्या परत बसत नाहीत.

कॉइल स्प्रिंग आणि पाटे घरीच केले. त्यांच्यावर ग्राइंडर नाही, अ‍ॅसिडही नाही. स्प्रिंगच्या पोलादावर पडलेला एक चर हीच पुढे तडा जाण्याची जागा होते. अ‍ॅसिडमधून हायड्रोजन असल्या कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो, स्प्रिंग मग न सांगता तुटते. टर्पेंटाईन, नायलॉनचा ब्रश आणि धीर, एवढ्यावर त्या स्वच्छ झाल्या.

ब्लास्टिंग झालेलं लोखंड करडं, कोरडं आणि उघडं असतं. घरी आणल्या दिवशीच एपॉक्सी प्रायमर मारला. उघडं ठेवायचं नाही, घामाचे हात लावायचे नाहीत.

५ जानेवारी

इतवारीच्या लोहाओळीतून १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणला. काका सकाळी आले, सिल पाहिलं, बराच वेळ बोलले नाहीत. मग भोकं दाखवली तर म्हणाले, "हे काहून बुजवलं असन बे? पाणी कुठून जाईल?"

सडलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला. वेल्डच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं जागा आतून-बाहेरून डांबर आणि रंग यांपासून मोकळी केली होती. डांबराचा डाग वेल्डमध्ये आला की ते उकळतं, वेल्डला छिद्रं पडतात. शिवाय गाडीच्या आत कार्पेटखाली आवाज दाबायला डांबराचे ताव चिकटवलेले असतात. खालून वेल्डिंग केलं की ते वरून पेटतात. ते आधीच खरवडले होते, तरी आत पाण्याची बादली आणि एक माणूस बसवला. सीओटू वेल्डिंग, थोड्या-थोड्या टाक्यांनी, जागा बदलत, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. एकावर एक येणाऱ्या कडांना आतून झिंक प्रायमर.

भोकं पूर्वी होती तिथेच परत ठेवली. काकांनी एकेक भोक कानशीनं घासून कड गुळगुळीत केली. त्यांच्या हाताचं काम पाहायला मिळतं हाच या सगळ्या खटाटोपातला मोठा आनंद आहे.

१२ जानेवारी

प्रायमरआधी पाण्याची परीक्षा. पुसून स्वच्छ झालेल्या पत्र्यावर साधं पाणी शिंपडलं. पाणी सलग पसरून राहिलं तर पत्रा स्वच्छ. थेंब होऊन गोळा झालं तर तिथे अजून तेल किंवा डांबर आहे. डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच दिसतात. ड्रायव्हरच्या बाजूच्या जोडाजवळ थेंब झाले. पुन्हा टर्पेंटाईन, मग ग्रीस रिमूव्हर, पुन्हा पाणी. पसरलं. पुसून, हीट गननं कोमट करून सुकवलं.

एपॉक्सी प्रायमर दोन हात. डब्यावरचं प्रमाण वजनानं नाही, मापानं, आणि मिसळल्यावर सांगितला तेवढा वेळ थांबूनच मारायचा. दुपारी बारा ते तीनमध्ये मारला, कारण पहाटेच्या ज्या थंडीनं डांबर तोडलं त्याच थंडीत एपॉक्सी नीट वाळत नाही.

१९ जानेवारी

जोडांवर ब्रशनं लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, त्यावर फिकट करड्या रंगाचे दोन हात. पाहायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारलं, परत काळं कोटिंग का नाही मारत? मारणार नाही. फिकट रंगावर तेलाची गळती, गंजाचा पहिला ठिपका, निखळलेला सीलर, सगळं एका टॉर्चच्या उजेडात दिसतं. काळ्या लेपाखाली ते वर्षानुवर्षं दिसत नाही आणि या गाडीनं ते मला पुरेपूर दाखवलंय. फक्त चाकांच्या कमानींत, जिथे खडी उडते, तिथे रंगवता येणारं पातळ स्टोन-चिप कोटिंग, आणि तेही तयार रंगाखाली. सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण), लांब नळीनं, भोकांतून. वॅक्स बाहेर ठिबकायला लागलं म्हणजे भोकं मोकळी आहेत.

भोकांत प्रत्येक रंगाआधी कापसाचे बोळे घातले होते. काढून टाकले.

२६ जानेवारी

आर्म, स्प्रिंग आणि पाटे नव्या बुशसह चढवले. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. तसं केलं तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सगळे बोल्ट हातानं लावून ठेवलेत. चाकं बसवून, गाडी जमिनीवर टेकवून, दोन-चारदा दाबून मग टॉर्क, म्हणजे ठरल्या जोरानं आवळणं.

प्रोपेलर शाफ्ट पंचाच्या खुणा जुळवून बसवला, त्यावर फक्त पातळ रंग. ब्रेकच्या नव्या नळ्या वळवून झाल्यात, जोड बाकी. त्यानंतर ब्लीडिंग, म्हणजे नळ्यांतली हवा काढणं, आणि टाकी बसवण्यापूर्वी तिच्या पट्ट्यांखालचं रबर बदलायचंय. पावसाळ्याआधी सिलची भोकं एकदा आरा घालून तपासायची, हे शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय.